कारवान कुत्र्याला पळण्याच्या व्यायामानंतर लगेच खायला द्यावं का? आणि काय द्यावं?

तुमच्या प्रश्नातलं मुख्य तेवढं आधी लिहितो. दीड वर्षाचा कारवान (आपल्याकडचा सडपातळ, शिकारी जातीचा कुत्रा), वजन २५ किलोच्या आसपास. रोज सकाळी मोटारसायकलमागं सहा-सात किलोमीटर पळतो. घरी आला की लगेच ताटलीभर दूध-भाकरी आणि वर दोन कच्ची अंडी. हल्ली खाल्लेलं ओकतो, दुपारभर पडून राहतो. बरगड्या दिसतात म्हणून शेजारीपाजारी सांगतायत, खुराक वाढवा.

खुराक वाढवू नका. आधी खायला घालायची वेळ बदला. मी जत भागातला, आमच्या घरी आजोबांपासून कारवान आहेत. माझ्या पाहण्यात या कुत्र्यांचे हाल कमी खायला घातल्यानं जेवढे होतात, त्याहून जास्त चुकीच्या वेळी खायला घातल्यानं होतात.

पळून आलेल्या कुत्र्याचं बरंचसं रक्त पायांच्या स्नायूंकडं आणि जिभेकडं वळलेलं असतं. पोटाकडं फार कमी उरतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना थोडा येतो तेवढाच. बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढायची. एरवी त्याचं अंग ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. जीव तोडून पळाल्यावर ते ४० च्या वर, कधी ४१ पर्यंत जातं. अशा वेळी समोर ताटली ठेवली तर तो धापा टाकत हावरटासारखा गिळतो, अन्नाबरोबर हवाही गिळतो, आणि ते पोटात नीट बसत नाही. तुमच्याकडं रोज हेच होतंय.

तेव्हा आल्यावर त्याला बसवू नका. दहा मिनिटं सावलीत पट्टा धरून सावकाश चालवा. मग पाणी, पण बादली पुढ्यात ठेवू नका. वाटीभर द्या, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, परत वाटीभर. पाणी तोडायचं नाही, फक्त घटाघटा पिऊ द्यायचं नाही. उन्हाळ्यात नळीनं पोटाखाली, जांघेत आणि पंजांवर साधं पाणी सोडा आणि वाऱ्याला उभा करा. तापलेल्या कुत्र्यावर पाणी टाकलं तर तो आखडतो, असं जुनी माणसं सांगतात, त्यात तथ्य नाही. ओलं गोणपाट मात्र अंगावर पांघरू नका. थोड्या वेळात ते आतून गरम होतं आणि उष्णता कोंडून धरतं.

खायला कधी द्यायचं ते घड्याळापेक्षा बरगड्या जास्त नीट सांगतात. कुत्रा आडवा झाला की शेजारी बसा आणि पंधरा सेकंदांत छाती किती वेळा वर येते ते मोजा. त्याला चारानं गुणा. मिनिटाला तीसच्या आत आली, जीभ आत गेली, हिरड्या गुलाबी आणि ओलसर दिसल्या की तो जेवायला तयार. साधारण तास-दीड तास लागतो. पळायच्या आधीही हाच हिशोब: भरपेट जेवणानंतर तीन-चार तास पळवायचं नाही. सकाळी रिकाम्या पोटी पळाला तर बिघडत नाही. कुत्र्याचं शरीर लांबच्या कष्टाला मुख्यतः चरबीवर चालतं, आदल्या संध्याकाळचं जेवण त्याला पुरतं.

ओकण्याबद्दल एक फरक नीट लक्षात ठेवा. खाल्लेलं दूध-भाकरी बाहेर पडली तर ते घाईनं खाल्ल्याचं. पण कुत्रा उबळ काढतोय आणि बाहेर काहीच येत नाही, नुसती लाळ गळतेय, एका जागी थांबत नाही, पोट ढोलासारखं ताणलंय, तर ते पोटाला पीळ पडल्याचं लक्षण. कारवानासारख्या खोल छातीच्या कुत्र्यांना हा धोका जास्त. तिथं ओवा-सोडा पाजत बसायचं नाही. ऑपरेशन करू शकेल अशा जनावरांच्या डॉक्टरांकडं लगेच न्यायचं, रात्र असली तरी. काही तासांत जीव जातो.

आता ताटलीत काय. आपल्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कारवानाला पैलवानाचा खुराक लावायची हौस आहे: दूध, तूप, बदाम, आणि मूठभर बेदाणे. तासगाव जवळ, बेदाण्याला तोटा नाही. पण बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. सगळ्याच कुत्र्यांना होतं असं नाही, पण कुणाला आणि कितीनं होईल हे आधी कळत नाही, म्हणून एकही नको. मटणाचा रस्सा घालत असाल तर कांदा-लसूण पडायच्या आधी बाजूला काढलेला घाला. कांदा त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिजवलेली हाडं नकोत, फुटून आत टोचतात. मोठ्या कुत्र्याला ताटलीभर दूध बहुतेक पचत नाही. पातळ, बिनमिठाचं ताक थोडं चालतं.

२५ किलोच्या कुत्र्याला नुसतं बसून राहायलाच दिवसाला जवळपास ७८० कॅलरी लागतात. रोज पळणाऱ्याला १३०० ते १५०० धरा. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण २०० कॅलरीची, अंडं सत्तर-पंच्याहत्तरचं. म्हणजे चार भाकरी, दोन उकडलेली अंडी, पाव किलो शिजवलेली बिनहाडाची कोंबडी आणि चमचाभर तेल, एवढ्यात त्याचं भागतं. नुसत्या दूध-भाकरीत पोट भरतं, पण पळताना झिजलेल्या स्नायूला लागणारं प्रोटीन कमी पडतं. यातला एक तृतीयांश भाग सकाळी, तो शांत झाल्यावर, भाकरी रश्श्यात भिजवून सैलसर द्या. म्हणजे पाणीही पोटात जातं. बाकीचं संध्याकाळी. घरच्या जेवणात कॅल्शियम हमखास कमी पडतं, ते किती आणि कशातून द्यायचं हे डॉक्टरांना विचारा, अंदाजानं पावडर ओतू नका. ग्लुकोज, मीठ-साखरेचं पाणी, गुळाचं पाणी यांची रोजच्या पळण्याला गरज नाही. घाम येत नाही म्हटल्यावर मीठ जाणार कुठून?

बरगड्यांचं म्हणाल तर कारवानाच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. पाठीचा कणा आणि ढुंगणाची हाडं धारदार वर आली तर तो खरा वाळला. लॅब्रॅडॉर पाहिलेल्या डोळ्यांना हा कुत्रा कायम उपाशीच वाटतो.

तुम्ही विचारलं नाही, तरी मोटारसायकलबद्दल बोलतोच. हा कुत्रा थोडा वेळ सुसाट पळण्यासाठी घडलेला. गाडीचा वेग तुम्ही ठरवता आणि तो तुम्हाला सोडायचा नाही म्हणून दमला तरी पळत राहतो. २०१६ च्या सुमारास लष्करानं मुधोळची (कारवानाचंच कर्नाटकातलं नाव) पिल्लं मेरठच्या केंद्रात शिकवायला नेली, तेव्हापासून ‘मिलिटरी ट्रेनिंग’च्या नावाखाली ही गाडीमागची परेड फार बोकाळलीय. त्यापेक्षा कुंपण असलेल्या पडीक रानात मोकळा सोडा, दोन-चार दौडी मारील आणि स्वतःच थांबेल. गाडीच हवी तर सायकल घ्या, डांबर सोडून मातीच्या कडेनं. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवत नसेल तर त्याचे पंजेही टिकणार नाहीत. आणि रानात सोडला म्हणून सशामागं घालू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, ‘कुत्र्यानं धरला’ ही सबब चालत नाही.

जेवायच्या आधीच्या त्या तासाभरात पंजे बघून घ्या. एकेक बोट फाकवायचं, गादी अंगठ्यानं दाबायची. तो पाय ओढून घेईल तिथं वेड्या बाभळीचा काटा किंवा कुसळ असतं. कुसळ वेळेत काढलं नाही तर आत सरकत जातं आणि गाठ धरते. मग कानाची आतली बाजू आणि बोटांच्या बेचक्या, गोचिडांसाठी. झोपायला फरशी नको, जुनी गोधडी टाका. अंगावर चरबी नाही, कोपरं सोलतात.

लंगडला, अंग दुखतंय असं वाटलं तर घरातली अंगदुखीची गोळी अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, कुठलीच नाही. पळाल्यानंतर पाठीचे-मांड्यांचे स्नायू कडक झाले आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर स्नायू फुटून किडनीवर ताण आलाय, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तसंच अर्ध्या तासात धाप उतरली नाही, पाय लटपटले, लाळ दाट झाली तर उष्माघात समजा. पाणी ओतून गार करायला लगेच सुरुवात करा आणि त्यानंतर गाडीत घाला. नुसतीच दवाखान्याकडं पळापळ नको.

सध्या पंधरा दिवस गाडी बंद ठेवा, वर सांगितलेल्या वेळा पाळा. ओकणं बहुतेक थांबेल. दुपारचं पडून राहणं मात्र तसंच राहिलं, हिरड्या फिकट वाटल्या किंवा अधूनमधून ताप आला, तर रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना गोचीडतापाचं मुद्दाम सांगा. आमच्या भागात ‘ताकद कमी पडतेय’ म्हणून तूप पाजलेल्या कितीतरी कुत्र्यांना निघालाय तो हाच.