एकमेकांची ओझी आणि आपापला भार

ख्रिस्तात प्रिय लेकी,

सलाम. मंडळीतल्या ज्या बंधूची नोकरी गेली, त्याच्या घरचा किराणा गेले पाच महिने तू आपल्या पगारातून भरतेस आणि आता त्याचा फोन आला की तुझ्या कपाळाला आठी पडते, हे तू माझ्यापासून लपवले नाहीस, याचे मला समाधान वाटले.

गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय पुन्हा उघड. दुसऱ्या वचनात प्रेषित पौल एकमेकांची ओझी वाहायला सांगतो आणि पाचव्या वचनात प्रत्येकाने आपापला भार वाहावा असे म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये हे दोन निराळे शब्द आहेत. ‘बारोस’ म्हणजे ज्याखाली माणूस दबून जातो ते वजन, तर ‘फोर्तिऑन’ म्हणजे ज्याचे त्याने न्यायचे गाठोडे. ‘माझे ओझे हलके आहे’ असे प्रभू म्हणतो, तेथेही हाच दुसरा शब्द आहे. आजारपण, घरातला मृत्यू, एकाएकी गेलेली नोकरी ही पहिल्या प्रकारची ओझी. काम शोधत फिरणे आणि हाती आलेल्या पैशाचा हिशेब ठेवणे हे मात्र ज्याचे त्याचे गाठोडे.

हा फरक मी उशिरा शिकलो. एका गृहस्थाचे कर्ज मी तीनदा फेडले. तिसऱ्या वेळी त्याची पत्नी उंबऱ्यात उभी राहून हलक्या आवाजात म्हणाली, “मास्तर, तुम्ही फेडता म्हणून हे काढतात.” ज्याला मी प्रीती समजत होतो, तिने त्या घराचा कर्ता पुरुष दुबळा केला होता, आणि त्यात माझाही दोष होता.

म्हणून हात आखडता घे, असे मी मुळीच सांगत नाही. माझी पत्नी दवाखान्यात होती तेव्हा मंडळीतली एक विधवा बाई रोज दुपारी फडक्यात बांधलेला डबा आणून खाटेजवळ ठेवी आणि काही न विचारता रिकामा डबा घेऊन जाई. तो डबा नसता तर मी खचलो असतो. थेस्सलनीकाकरांस लिहिताना पौल ज्याला काम करण्याची इच्छा नाही त्याच्याविषयी ‘त्याने खाऊही नये’ असे कठोर बोलतो. ज्याला काम मिळत नाही त्याच्याविषयी नव्हे. हे वचन गरिबाच्या तोंडावर फेकणारे लोक ‘इच्छा’ हा शब्दच गाळतात, याचे मला फार दुःख होते.

पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या. आधी अन्न, वस्त्र आणि औषध दिले; पण तेवढ्यावर न थांबता त्यांना विणकाम, शेती आणि छपाई शिकवली. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे छपाईचे खिळे पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तेथल्या स्त्रियांनीच जुळवले.

तेव्हा आता असे कर. एकटीने देणे थांबव आणि त्या बंधूची परवानगी घेऊन ही गरज पाळकांपुढे व पंचांपुढे मांड. यरुशलेमेच्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपात दुर्लक्ष होऊ लागले, तेव्हा प्रेषितांनीसुद्धा त्या कामासाठी मंडळीकडून सात जण निवडून घेतले. मग पंचांपैकी एखाद्या वडीलधाऱ्याला घेऊन त्याच्या घरी जा, चहा घे, आणि गेल्या महिन्यात कामासाठी कोठे कोठे विचारले हे त्याला आदराने विचार. उत्तर ऐकताना घाई करू नकोस. पाच महिने त्याला हा प्रश्न कोणी विचारलाच नसेल. तो काय म्हणाला, ते मला कळव.

प्रभूमध्ये तुझा,
मास्तरकाका