साखर सोडली, तरी साखर वाढली कशी?

प्रश्न : माझे वय ४४ असून मी कराडला एका पतसंस्थेत लेखनिक आहे. उंची ५ फूट ६ इंच, वजन ६३ किलो आणि पोटाचा घेर ३७ इंच. वडिलांना मधुमेह होता म्हणून चार वर्षांपूर्वीच मी साखर बंद केली, चहात गूळ घालतो, मिठाईला हात लावत नाही, सोमवार आणि गुरुवार उपवास करतो. तरीही परवाच्या तपासणीत उपाशीपोटी साखर ११२ आणि एचबीएवनसी ६.१ आली. आमचे डॉक्टर म्हणतात, ‘बॉर्डरवर आहे.’ साखर खातच नसताना रक्तात ती येते कुठून? आणि गोळी आताच सुरू करावी का?

उत्तर : आपल्या अहवालातील दोन्ही आकडे मधुमेहपूर्व अवस्थेत मोडतात. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के असेल तर ही अवस्था मानतात. १२६ किंवा ६.५ पासून पुढे मधुमेह. एचबीएवनसी ही रक्तातील साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी असते. मात्र लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झाला असेल तर ती प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते, म्हणून हिमोग्लोबिनही एकदा पाहून घ्यावे.

रक्तातील साखर म्हणजे ग्लुकोज, आणि तो केवळ गोड पदार्थांतून येत नाही. भात, पोळी, पोहे, बटाटा या सर्वांतील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोजच होते. शिवाय रात्रभर आपण काही खात नसलो तरी यकृत साठ्यातून ग्लुकोज सोडत असते. इन्सुलिनने त्यास आवर घालावयाचा असतो. पण यकृत इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की रात्री न जेवताही सकाळची साखर चढलेली आढळते. गुळाविषयी तर स्पष्टच सांगतो : गूळ हा मुख्यतः साखरच आहे, आणि त्यातील लोहाचे कौतुक चहातल्या चमचाभर गुळाला लागू पडत नाही. उपवासाच्या दिवशी आपण काय खाता हे आपण लिहिलेले नाही, पण ते साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वरीचा भात असेल (बहुतेक घरांत असतेच), तर त्या दोन दिवशी आपल्या ताटात इतर दिवसांपेक्षा पिष्ट जास्त आणि प्रथिने कमी पडतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्टच.

मला आपल्या अहवालापेक्षा आपला घेर अधिक बोलका वाटतो. आपले वजन उंचीच्या मानाने योग्य आहे. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, २२.४ च्या आसपास येतो. पण ३७ इंच म्हणजे ९४ सेंटिमीटर, आणि भारतीय पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात, स्त्रियांसाठी ८०. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली होती. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय बारीक, स्नायू कमी आणि चरबी पोटाभोवती, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे, आणि ‘मी तर सडपातळ आहे’ या समजुतीत तीच नजरेआड होते. यकृत इन्सुलिनला जुमानेनासे होण्यात या पोटातील चरबीचा मोठा वाटा असतो.

म्हणून साखरेचा डबा लपवण्याऐवजी ताट बदलावे. भाताचा ढीग आणि त्यावर चार पोळ्या, असे दोन्ही एका जेवणात नकोत. अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीचे, आणि पिठले, उसळ, दही, चालत असल्यास अंडी किंवा मासे यांचा वाटा वाढवावा. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीही पिष्टच आहे, हे तिची थोरवी सांगणारे सोयीस्करपणे विसरतात. आपले काम बैठे असल्याने जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे आपल्याला विशेष उपयोगी पडेल, कारण हालचाल करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही ग्लुकोज ओढून घेतो. आठवड्यात एकूण १५० मिनिटे भरभर चालावे आणि दोन दिवस जोर-बैठकांसारखा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा.

गोळीचे म्हणाल, तर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासाचा दाखला देतो. त्यात आपल्यासारख्या काठावरच्या ५३१ जणांना तीन वर्षे पाहिले. केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार-व्यायामावर सतत पाठपुरावा केलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के राहिले, आणि तेही वजन फारसे न घटता. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील गोळीचाही जवळपास तेवढाच लाभ दिसला, परंतु दोन्ही एकत्र दिल्याने अधिक काही पदरात पडले नाही. आपल्या आकड्यांवर मी आधी सहा महिने ताट आणि चालणे सांगेन आणि मग फेरतपासणी करीन. आपल्या डॉक्टरांना काही वेगळे दिसत असेल, तर त्यांचे ऐकावे.

प्रश्न : मी ३१ वर्षांची असून फोंड्याला राहते. गरोदरपणात मला मधुमेह झाला होता. बाळंतपणानंतर प्रसूतिगृहातच साखर नॉर्मल आली. आता विषय संपला असे समजावे का?

उत्तर : दुर्दैवाने नाही. अशा स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करावयाची तपासणी करून घ्यावी; प्रसूतीतील रक्तस्रावामुळे त्या काळात केवळ एचबीएवनसीवर विसंबू नये. ग्लुकोजची ती तपासणी नॉर्मल आली तरी वर्षा-दोन वर्षांनी तपासत राहावे, आणि पुढच्या वेळी दिवस राहिल्याचे कळताच, पहिल्याच भेटीत, डॉक्टरांना हा पूर्वेतिहास न विसरता सांगावा.