‘स्वयंचलित पात्र’ की ‘चालवलेले पात्र’?

फोंड्याहून एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न असा आहे. एका ऑनलाइन खेळातले आपले पात्र सतत हाताने कळा न दाबता चालावे, म्हणून त्यांनी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहिली आहे. ती स्क्रिप्ट पडद्यावरच्या ठरलेल्या जागेचा रंग पाहते. दिसलेल्या रंगाप्रमाणे ती पात्र पुढे नेते, मागे घेते किंवा वळवते. धाकट्या भावंडांना ही रीत समजावी म्हणून त्यांनी मराठीत एक टिपण लिहायला घेतले आणि त्याचा मथळा झाला ‘रंगशोधनाद्वारे पात्राच्या स्वयंचलित हालचालीचे स्क्रिप्टिंग’. तो वाचून त्यांच्या मावशीने विचारले, ‘अरे, हे पात्र चालतं की त्याला कोणी चालवतं?’ विद्यार्थ्याला उत्तर सुचले नाही. म्हणून ‘स्वयंचलित’ हा शब्द येथे बरोबर आहे का आणि ‘रंगशोधन’ चालेल का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मावशीचा प्रश्न या मथळ्याच्या मर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून आधी तोच घेतो. संस्कृतात ‘चल्’ हा धातू अकर्मक आहे. त्यापासून झालेल्या ‘चलित’ या रूपाचा अर्थ ‘चाललेले, हललेले’ असा होतो आणि त्यात दुसरा कोणी चालवणारा गृहीत नसतो. त्याच धातूच्या प्रयोजक रूपापासून ‘चालित’ होते, त्याचा अर्थ ‘चालवलेले’. हा भेद आपल्या रोजच्या शब्दांत अजून जिवंत आहे. ‘प्रचलित’ रूढी कोणी एकाने चालवलेली नसते, ती चालत आलेली असते. ‘विचलित’ मन आपणच डळमळते. याउलट शाळेच्या फलकावर ‘अमुक संस्था संचालित’ असे लिहिलेले असते, तेव्हा शाळा चालवणारी संस्था कोणती ते सांगायचे असते. ‘यंत्रचालित’, ‘हस्तचालित’ या शब्दांतही चालवणारे काय आहे ते आधी येते आणि ‘चालित’ मागून. म्हणजे ‘स्वयंचलित’ याचा काटेकोर अर्थ ‘स्वतः चाललेले’ असा आहे. हिंदीने ‘स्वचालित’ हा शब्द घेतला, मराठीत ‘स्वयंचलित’ रुळला, आणि स्वयंचलित दरवाजा किंवा स्वयंचलित जिना म्हणताना कोणाचाही गोंधळ होत नाही. तो शब्द अशुद्ध आहे असे मी म्हणणार नाही.

तरीही प्रस्तुत मथळ्यात तो चुकीच्या शब्दाला जाऊन चिकटला आहे. खेळातले पात्र स्वतः चालतच नाही. ते आधी बोटांनी दाबलेल्या कळांच्या जोरावर चालत होते, आता त्या कळा दाबल्याचे संदेश स्क्रिप्ट पाठवते. पात्राच्या बाजूने पाहिले तर काहीच बदललेले नाही, बदलला आहे तो चालवणारा. तेव्हा ‘स्वयंचलित’ म्हणायचेच असेल तर ते ‘चालवणे’ या क्रियेला लागू आहे, पात्राला किंवा त्याच्या हालचालीला नव्हे. मराठीजवळ हा भेद दाखवण्यासाठी विशेषणांची गरजही नाही, कारण आपल्या क्रियापदांची एक शिडीच आहे. पात्र चालते, खेळणारा पात्र चालवतो, आणि खेळणारा स्क्रिप्टकडून पात्र चालवून घेतो. ‘चालवून घेणे’ या जोडक्रियापदात काम करणारा आणि काम करवणारा असे दोघेही डोळ्यांसमोर राहतात, आणि तुमच्या स्क्रिप्टचे नेमके वर्णन तेच आहे.

हे दोघे दिसत राहणे केवळ व्याकरणाच्या सोयीचे नाही. बहुतेक ऑनलाइन खेळांच्या नियमांत अशा स्क्रिप्टना मनाई असते आणि ती मोडली तर ज्याच्या नावावर खाते आहे त्याचे खाते बंद होऊ शकते. ‘पात्राची स्वयंचलित हालचाल’ असे लिहिले की कोणीच काही केले नाही असा भास होतो. ‘मी चालवून घेतो’ असे लिहिले की जबाबदारी कोणाची ते धाकट्या भावंडांनाही कळते. टिपणात ही मनाई स्पष्ट सांगावी आणि प्रयोग स्वतःपुरत्या, एकट्याने खेळायच्या खेळात करावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

येथे गोव्यातल्या आपल्या मुलांच्या लेखनात नेहमी दिसणारी एक गोष्ट सांगायला हवी. कोंकणीत ‘चलप’ आणि ‘चलोवप’, हिंदीत ‘चलना’ आणि ‘चलाना’, त्यामुळे मराठी लिहितानाही ‘पात्र चलते’, ‘पात्र चलवते’ असे हातून उतरते. मराठीत ‘चालते’ आणि ‘चालवते’ हीच रूपे आहेत. प्राकृतात या धातूचे ‘चल्ल’ असे द्वित्व झालेले रूप होते. मराठीत ते द्वित्व गेले आणि आधीचा स्वर दीर्घ झाला, जसे ‘हत्थ’चे ‘हात’ झाले. कोंकणीतले ‘चल’ कोंकणीत योग्यच आहे, ते मराठी वाक्यात मिसळू नये एवढेच.

याहून नाजूक अडचण ‘ला’ या प्रत्ययाची आहे. ‘रंग जुळला की पात्राला चालवते’ हे वाक्य पाहा. मराठीत ‘चालवणे’ हे प्रयोजक क्रियापद आहे तसेच ते शक्य क्रियापदही आहे. ‘आजोबांना आता चालवत नाही’ म्हणजे त्यांच्यात चालण्याची ताकद उरलेली नाही. ‘मुलाला आता चार पावले चालवते’ म्हणजे तो तेवढे चालू शकतो. त्यामुळे वरच्या वाक्याचा अर्थ ‘रंग जुळला की पात्र चालू शकते’ असाही होतो, आणि सूचना देणाऱ्या टिपणात असा दुहेरी अर्थ घातक ठरतो. ‘रंग जुळला की स्क्रिप्ट पात्र चालवते’ असे लिहावे. कर्ता उघड ठेवला आणि ‘ला’ काढला की संदिग्धता उरत नाही.

‘पात्र’ हा शब्द मात्र निःशंक वापरावा. तो भांड्यालाही लागतो, मांडवीच्या पात्रालाही लागतो आणि नाटकातल्या भूमिकेलाही, पण खेळाच्या संदर्भात घोटाळा होत नाही. पेडण्याकडच्या एका स्नेह्यांनी ‘सोंग’ हा शब्द सुचवला होता. दशावतारी खेळ पाहत वाढलेल्या माणसाला तो सुचणे स्वाभाविक आहे आणि मलाही तो प्रिय आहे. परंतु ‘सोंग’ माणूस अंगावर घेतो. येथे माणूस पडद्याबाहेर बसून दुसऱ्या आकृतीला हलवतो. त्या नात्याला अधिक जवळचा शब्द ‘कळसूत्री’ हा आहे. गोव्याला लागून असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची कला जपली आहे आणि त्यासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. त्या बाहुलीची प्रत्येक हालचाल वरच्या हातातल्या दोरीने ठरते. आपण संगणकाच्या ‘की’ला ‘कळ’ म्हणतो आणि कीबोर्डला ‘कळफलक’ म्हणतो, म्हणून ‘कळसूत्री’ हा शब्द येथे दोन्ही अंगांनी जुळतो. तरी त्याची परिभाषा करू नये, कारण आज ‘कळसूत्री’ म्हटले की दुसऱ्याच्या तालावर नाचणारा माणूस किंवा सरकार मनात येते. टिपणात एकदा दृष्टान्त म्हणून तो द्यावा, भावंडांना लगेच समजेल.

आता दुसरा प्रश्न. ‘रंगशोधन’ मी वापरणार नाही. ‘शोधणे’ हे क्रियापद मुळात ‘शुध्’ म्हणजे शुद्ध करणे या धातूचे, आणि ‘शोधन’ या नामात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. ‘धातुशोधन’ म्हणजे धातूतला मळ काढणे. मग ‘रंगशोधन’ वाचून कोणी रंग स्वच्छ करण्याची प्रक्रिया समजला तर दोष वाचणाऱ्याचा नव्हे. क्रियापद घेतले, म्हणजे ‘रंग शोधते’ असे लिहिले, तर हा धोका उरत नाही. घरी कोंकणीत ‘सोदप’ म्हणतो तेही याच कुळातले.

पण स्क्रिप्ट खरोखर रंग ‘शोधते’ का, की ‘ओळखते’, की ‘पडताळते’, हे आधी ठरवायला हवे, कारण या तीन वेगळ्या क्रिया आहेत आणि मराठीत तिन्हींना वेगळे शब्द आहेत. पणजीच्या कदंब बसस्थानकाबाहेर उतरल्यावर आपल्याला पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल दिसते आणि आपण ‘हा पायलट’, म्हणजे भाड्याने मागे बसवून नेणारा मोटारसायकलवाला, म्हणून हात करतो. ही ओळख आहे. तीत रंगाखेरीज उभे राहण्याची जागा, माणसाची ढब आणि मागचा सारा अनुभव आलेला असतो. त्याच पिवळ्या रंगाची घमेली घेऊन कोणी उभा राहिला तर आपण त्याच्या मागे बसायला जात नाही. स्क्रिप्ट मात्र घमेल्यालाही हात करील, कारण तिच्यापुढे मोटारसायकल नसते, घमेले नसते, असतात फक्त आकडे. पडद्यावरचा प्रत्येक बिंदू, ज्याला सर्वजण पिक्सेल म्हणतात, तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन घटकांनी बनलेला असतो आणि प्रत्येक घटकाची किंमत 0 ते 255 यांपैकी एक असते. अशा रीतीने एकूण 1,67,77,216 रंग होतात. आपण ज्याला ‘पिवळा’ म्हणतो त्यात यांतले हजारो रंग सामावतात, आणि स्क्रिप्टला त्यांतला नेमका एक सांगावा लागतो. म्हणून ‘ओळखणे’ हा शब्द मी माणसासाठी राखून ठेवीन.

उरले ‘शोधणे’ आणि ‘पडताळणे’. ऑटोहॉटकी या स्क्रिप्ट लिहिण्याच्या साधनात या कामाच्या दोन मुख्य आज्ञा आहेत. ‘पिक्सेलगेटकलर’ एका ठरलेल्या बिंदूचा रंग सांगते, मग तो अपेक्षित रंगाशी जुळतो का ते आपण पाहतो. ही पडताळणी झाली. खेळातल्या पात्राच्या जीवाची तांबडी पट्टी जेथे अर्धी होते त्या बिंदूवर तांबडा रंग आहे की नाही, एवढेच पाहायचे असेल तर हीच क्रिया पुरते. ‘पिक्सेलसर्च’ ही आज्ञा चार निर्देशांकांनी आखलेल्या चौकटीत दिलेला रंग कोठे आहे ते शोधून त्याची जागा सांगते. छोट्या नकाशावर वाटेची हिरवी खूण हुडकून पात्र तिकडे न्यायचे असेल तर हे खरे ‘शोधणे’ आहे. टिपणात जेथे जी आज्ञा असेल तेथे तो शब्द वापरावा. ज्यांनी रूनस्केप हा जुना ऑनलाइन खेळ खेळलेला आहे त्यांना ‘सिम्बा’ आणि त्याआधीचे ‘स्कार’ ही साधने आठवतील. खेळाच्या आत न शिरता केवळ पडद्यावरचे रंग पाहून चालणाऱ्या बॉटना, म्हणजे माणसाऐवजी खेळणाऱ्या स्क्रिप्टना, ते ‘कलर बॉट’ म्हणत. त्या नावात ओळखणे, शोधणे, पडताळणे यांपैकी काहीच सांगितलेले नाही, मराठीत ते सांगता येते.

रंग तंतोतंत जुळण्याची अट ठेवली तर स्क्रिप्ट अडते. पात्रावर सावली पडते, खेळात संध्याकाळ होते, आकृतीच्या कडेचे बिंदू मागच्या रंगात मिसळलेले असतात. म्हणून प्रत्येक घटकात थोडे कमीजास्त चालेल असे सांगण्याची सोय असते. तांबडा 200, हिरवा 30, निळा 30 असा रंग दिला आणि 10 इतकी सवलत दिली, तर तांबडा 190 ते 210 आणि बाकीचे दोन 20 ते 40 यांच्या दरम्यान असले तरी जुळले असे धरले जाते. याला विद्यार्थ्याने ‘सहनशीलता’ म्हटले आहे. सहनशीलता माणसाच्या स्वभावात असते, आकड्यांत नव्हे. ‘मुभा’ हा शब्द येथे चपखल बसतो, ‘10पर्यंतची मुभा’. प्रत्यक्ष आढळलेला फरक सांगायचा असेल तर ‘तफावत’ म्हणावे. मुभा आपण देतो, तफावत आपल्याला आढळते, हे दोन शब्द एकमेकांच्या जागी घालू नयेत.

‘स्क्रिप्ट’ला ‘संहिता’ म्हणावे का, हा प्रश्न थोडक्यात आटोपतो. ‘संहिता’ नाटकाची किंवा कायद्याची. ‘लिपी’ हा तर गोव्यात कोंकणीच्या देवनागरी आणि रोमी (रोमन) लिप्यांच्या वादाने भारलेला शब्द आहे, त्याला येथे आणू नये. ‘आज्ञावली’ उत्तम, पण मोठ्या सॉफ्टवेअरलाही तोच शब्द लागतो. ‘स्क्रिप्ट’ तशीच ठेवावी आणि स्त्रीलिंगी चालवावी. ‘स्क्रिप्टिंग’ची मात्र गरज नाही, ‘स्क्रिप्ट लिहिणे’ पुरे. ‘बॉट’ लिहिताना अर्धचंद्र विसरू नये. त्याच्या जागी मात्रा दिली तर ‘बोट’ होते, आणि गोव्यातल्या मुलाला हाताचे बोट आठवेल नाहीतर फेरीबोट.

तेव्हा मथळा ‘रंग पडताळून पात्र चालवणारी स्क्रिप्ट’ असा करावा. टिपणात आणखी एक वाक्य आहे, ‘रंग न सापडल्यास स्क्रिप्ट पात्राला थांबवते’. तुम्ही पाठवलेल्या स्क्रिप्टमध्ये थांबवण्याची कोणतीही आज्ञा मला दिसली नाही. रंग मुभेबाहेर गेला की ती कळ दाबल्याचा संदेश पाठवत नाही, एवढेच, आणि पात्र जेथल्या तेथे उभे राहते. त्या जागी कोणी काही करत नाही, म्हणून तेथे प्रयोजक रूप नको. ‘रंग न सापडल्यास पात्र आपोआप थांबते’ असे लिहावे. मथळ्यातून काढलेला ‘आपोआप’चा अर्थ या वाक्यात अगदी खरा आहे.