'कॉन्टिनेन्टल' गाडी : खंडीय की घाटावरची?

प्रश्न असा आला आहे : मोटारींवरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी करताना 'बेंटली कॉन्टिनेन्टल जीटी' हे नाव आडवं आलं. शब्दकोशात 'कॉन्टिनेन्टल'समोर 'खंडीय' दिलंय. पण खंडीय मोटार म्हणजे काय? आणि इंग्लंडात बनणाऱ्या गाडीला खंडाचं नाव कशाला? जोडीला 'जीटी'चाही खुलासा हवा आहे.

विशेषनामाचं भाषांतर करू नये, एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. पण 'खंडीय' इथे का बसत नाही, ही गंमत सांगण्यासारखी आहे.

लॅटिनमध्ये 'तेनेरे' म्हणजे धरणे. त्याला 'कॉन्' लागला की 'एकत्र धरून ठेवणे'. 'तेर्रा कॉन्तिनेन्स' म्हणजे सलग, कुठेही न तुटलेली जमीन. आपला 'खंड' नेमका उलट्या वाटेने आला आहे. संस्कृत 'खण्ड्' म्हणजे तोडणे, फोडणे. खंड म्हणजे तुकडा. ऑगस्टात पावसाचा खंड पडतो, ग्रंथाचे खंड निघतात, जमीन खंडानं कसायला देतात. जे तुटत नाही ते अखंड, म्हणून सप्ताह अखंड हरिनामाचा. तेव्हा धातूचा अर्थ धरून बसायचं तर 'कॉन्टिनेन्ट'ला 'अखंड' म्हणावं लागेल! लॅटिन माणसाला जमिनीचं सलगपण दिसलं, आपल्याला पृथ्वीचे तुकडे दिसले. पूजेच्या संकल्पात 'भरतखंडे जंबुद्वीपे' शेजारी शेजारी येतात. हिंदीने त्यातलं द्वीप उचललं आणि 'महाद्वीप' केलं. द्वीप म्हणजे ज्याच्या दोन्ही अंगांना पाणी ते. तीन भाषा, तीन दृष्टी, आणि जमीन तीच.

हे झालं भूगोलाच्या पुस्तकातलं. गाडीच्या नावातला शब्द मात्र त्या पुस्तकातला नाहीच. तो बेटावर राहणाऱ्या इंग्रज माणसाच्या बोलण्यातला आहे. तो जेव्हा नुसतं 'द कॉन्टिनेन्ट' म्हणतो, तेव्हा त्याला सातांपैकी कुठलंही एक खंड अभिप्रेत नसतं. इंग्लिश खाडीपलीकडचा युरोप, म्हणजे आपलं बेट वगळून उरलेला युरोप, एवढाच अर्थ. त्यामुळे पाव, जाम आणि कॉफीवर भागवायची न्याहारी 'कॉन्टिनेन्टल', कारण अंडी-बेकनची भरगच्च न्याहारी ती इंग्लिश. पिसं भरलेली जाड दुलई ब्रिटनमध्ये आली तेव्हा तिलाही 'कॉन्टिनेन्टल क्विल्ट' म्हणत. व्हिक्टोरियन काळात 'कॉन्टिनेन्टल संडे' ही तर नापसंतीची शेलकी संज्ञा होती. चर्चमध्ये न जाता नाच-गाण्यात, हॉटेलांत घालवलेला रविवार, असा तिचा रोख.

मराठीत याला जुळा भाऊ आहे, तो म्हणजे 'घाटावर'. माझी आजी राजापूरकडची. तिच्या लेखी कोल्हापूर, कराड, पुणे, सोलापूर हा सगळा मुलूख एकच : घाटावर. सून घाटावरची, कांदे घाटावरचे, बोलणं घाटावरचं. डोंगर चढून गेलं की लागतं ते सगळं 'तिकडचं'. 'देश' या शब्दाचंही तसंच. कोकणातून 'देशावर गेला' म्हटलं तर तो भारतात गेला असा अर्थ होत नाही. सह्याद्रीच्या वरच्या पठारावर गेला. सामान्यनामाचा अर्थ असा एका जागी ठरून जातो, तो बोलणारा कुठे उभा आहे त्यावरून. मुंबईत 'घाटी' हा हिणवणीचा शब्द झाला, तशी 'कॉन्टिनेन्टल'मध्येही कधी काळी नाक मुरडण्याची छटा होती. फरक इतकाच, की इंग्रजीतला शब्द पुढे पैसेवाल्यांच्या हाती लागला आणि ऐटीचा झाला. त्या बदलात मोटारींचा हात मोठा आहे.

पहिलं पाऊल बेंटलीचं नव्हे, रोल्स-रॉईसचं. हेन्री रॉईस हिवाळ्यात दक्षिण फ्रान्समधल्या ल कानादेल इथल्या बंगल्यावर राहायला जायचे. १९३० मध्ये कंपनीने फँटम टू या गाडीची आखूड चासीची (म्हणजे सांगाड्याची) आवृत्ती काढली, तिचं नाव 'कॉन्टिनेन्टल'. अर्थ सरळ होता : ही गाडी घेऊन खाडीपलीकडे जा. इंग्लंडातले रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे. फ्रान्समध्ये दुतर्फा झाडी असलेले सरळसोट महामार्ग, तासन् तास एकाच वेगाने जायचं, मग आल्प्स. अशा प्रवासाला वेगळ्या धाटणीची गाडी लागते. १९३१ मध्ये रोल्स-रॉईसने डबघाईला आलेली बेंटली विकत घेतली आणि कालांतराने हे नाव बेंटलीकडे गेलं.

बेंटलीची खरी कॉन्टिनेन्टल १९५२ ची, आर-टाइप. मागे घडलेल्या एका प्रकाराची तिला पार्श्वभूमी आहे. १९३९ मध्ये 'कॉर्निश' नावाची वेगवान बेंटली फ्रान्समध्ये चाचणीवर होती. अपघात झाला. दुरुस्त केलेली तिची बॉडी इंग्लंडला परतण्यासाठी दिएप बंदरात पडून होती, तिथे ती बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. कॉर्निश म्हणजे कड्याच्या कडेने समुद्रावरून जाणारा रस्ता. रिव्हिएरावरचे असे रस्ते प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे त्याला 'घाटरस्ता'च म्हटलं असतं. युद्धानंतर कंपनीचे अभियंते आयव्हन एव्हर्न्डेन यांनी तोच विचार पुन्हा हाती घेतला, जॉन ब्लॅचली यांनी रेषा आखल्या आणि एच. जे. मलिनर या कारखान्याने ॲल्युमिनियमची बॉडी चढवली. नव्या प्रकल्पाला कारखान्यात 'कॉर्निश टू' म्हणत.

वजनावर इतकी करडी नजर का, याचं कारण टायर. त्या काळचे टायर जड गाडीखाली तेवढा वेग फार वेळ सोसत नसत. म्हणून वजन सतराशे किलोंच्या आसपास रोखायचं ठरलं, खुर्च्यांच्या सांगाड्यापर्यंत काटकसर झाली. मागचा भाग शेपटीकडे उतरत गेलेला, तो वारा कापण्यासाठी. पहिल्या नमुन्याच्या गाडीचा नोंदणी क्रमांक ओएलजी ४९०; त्यावरून तिचं नाव पडलं 'ओल्गा'. (नंबरप्लेटवरून बारसं, हे आपल्याकडच्या एसटी डेपोतही चालतं.) पॅरिसजवळच्या माँलेरीच्या ट्रॅकवर १९५१ मध्ये ओल्गाने ताशी १९० किलोमीटरच्या आसपास सरासरी दिली. चार माणसं सामानासकट आरामात बसतील अशी इतकी वेगवान गाडी तेव्हा दुसरी नव्हती. १९५५ पर्यंत सगळ्या मिळून २०८ बनल्या.

यातला विरोधाभास मला भारी आवडतो. १९५२ च्या जानेवारीत ब्रिटिश सरकारने परदेशी सहलीला जाणाऱ्या नागरिकाला बरोबर नेता येणारी रक्कम पंचवीस पौंडांवर आणली होती. म्हणजे 'घाटावर जायची' गाडी तयार, आणि घाटावर खर्चायला पैसे न्यायची बंदी! सुरुवातीला ही गाडी निर्यातीसाठीच राखून ठेवली होती, त्यामुळे जिच्या नावात कॉन्टिनेन्ट होतं ती आधी परक्यांच्याच दारात उभी राहिली. ज्यांना परवडत होतं ते गाडी विमानात घालून न्यायचे. सिल्व्हर सिटी कंपनीची विमानं १९४८ पासून इंग्लंडातल्या लिमहून फ्रान्समधल्या ल तुकेला मोटारी वाहून नेत होती.

पुढची वंशावळ भराभर सांगतो. एस मालिकेवरच्या कॉन्टिनेन्टल १९६५ पर्यंत चालल्या. त्यातलीच चार दारांची 'फ्लाइंग स्पर'. मग नाव झोपलं. १९८४ मध्ये तेव्हा 'कॉर्निश' याच नावाने विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका बेंटलीचं नाव बदलून कॉन्टिनेन्टल केलं, म्हणजे आधी कारखान्यात टोपणनाव कॉर्निश होतं तिचं नाव कॉन्टिनेन्टल पडलं, आणि आता कॉर्निशचीच कॉन्टिनेन्टल झाली. १९९१ च्या जिनिव्हा प्रदर्शनात कॉन्टिनेन्टल आर आली. १९६५ नंतर रोल्स-रॉईसशी बॉडी न वाटून घेतलेली ती पहिली बेंटली. १९९८ मध्ये जर्मनीच्या फोक्सवागेनने बेंटली घेतली आणि २००३ मध्ये बारा सिलिंडरांची, चारही चाकांना ताकद देणारी कॉन्टिनेन्टल जीटी रस्त्यावर आली. जुळणी आजही इंग्लंडातल्या क्रू गावात होते, मालक मात्र कॉन्टिनेन्टवर. २०२४ मध्ये ते बारा सिलिंडरांचं इंजिन बंद झालं आणि जोडीला विजेची मोटर असलेलं आठ सिलिंडरांचं व्ही-८ आलं.

अमेरिकेतल्या लिंकन कॉन्टिनेन्टलशी मात्र हिची गल्लत करू नये, कारण तिथे त्याच शब्दाचा अर्थ फिरतो. १९३९ मध्ये लिंकन बनवणाऱ्या फोर्ड कंपनीचे अध्यक्ष एडसेल फोर्ड यांनी फ्लोरिडातल्या सुट्टीसाठी युरोपी धाटणीची एक गाडी स्वतःपुरती करून घेतली. ती ओळखीपाळखीच्यांना एवढी आवडली की कारखान्यात काढावी लागली. इंग्रजांची कॉन्टिनेन्टल ही युरोपात जाण्यासाठी, अमेरिकनांची ही युरोपातून आल्यासारखी दिसणारी. तिच्या पाठीवर उभं बसवलेलं जादा चाक इतकं गाजलं की तशा चाकाला अमेरिकेत 'कॉन्टिनेन्टल किट' म्हणू लागले. शिवाय अमेरिकेत या शब्दाचा आणखी जुना वापर आहे, आणि त्यात युरोप कुठेच नाही. १७७५ मध्ये वॉशिंग्टन ज्या कॉन्टिनेन्टल आर्मीचे सेनापती झाले तिथलं खंड उत्तर अमेरिका. अमेरिकेच्या त्या स्वातंत्र्ययुद्धात छापलेल्या कॉन्टिनेन्टल नोटांची किंमत इतकी घसरली की कवडीमोल वस्तूला 'एका कॉन्टिनेन्टलच्याही लायकीची नाही' असं म्हणायची पद्धत पडली. लाखमोलाच्या गाडीचं नाव आणि कवडीमोल नोटेचं नाव एकच!

आता जीटी. 'ग्रान तुरिस्मो' हा इटालियन शब्द. त्याचं इंग्रजी रूप ग्रँड टूरिंग. लांबचा पल्ला वेगात आणि आरामात गाठणारी, दोघांची किंवा अडचणीत चौघांची गाडी. १९५१ ची लान्चिया ऑरेलिया बी-२० जीटी हे त्याचं गाजलेलं उदाहरण. त्यामागे आहे 'ग्रँड टूर' : शिक्षण संपलं की इंग्रज सरदारपुत्रांनी फ्रान्स, इटली पालथी घालून यायची प्रथा. रिचर्ड लासेल्स या धर्मगुरूच्या १६७० च्या इटलीवरील पुस्तकात हा शब्दप्रयोग सापडतो. म्हणजे 'कॉन्टिनेन्टल जीटी' या नावात एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे, 'लेडीज बायकांचा डबा' म्हणावं तशी. मराठी वाचकासाठी जीटी उलगडून लिहिलेलं बरं, कारण नागपूरकराला जीटी म्हटलं की ग्रँड ट्रंक एक्सप्रेस आठवते आणि मुंबईकराला गोकुळदास तेजपाल हॉस्पिटल.

भाषांतरापुरतं सांगायचं तर गाडीचं नाव आहे तसं ठेवा. इतरत्र विशेषण आलं की संदर्भ पाहा. क्षेपणास्त्र असेल तर 'आंतरखंडीय' चालेल, समुद्राखालची उथळ जमीन असेल तर 'भूखंडमंच'. इंग्रज पात्र 'कॉन्टिनेन्टल हॉलिडे'वर निघालं असेल तर साधं 'युरोपच्या सहलीला'. हॉटेलच्या मेनूतलं कॉन्टिनेन्टल तसंच राहू द्या. व्हाइट सॉसमध्ये बेक केलेल्या भाज्यांना 'खंडीय' म्हटलं तर वाढपीही गोंधळेल. लेखात टायरचा विषय असेल तर जपून : हॅनोव्हरची १८७१ पासूनची कॉन्टिनेन्टल ही टायरची कंपनी वेगळी, तिचा या गाडीच्या नावाशी संबंध नाही. आणि लिहिताना 'कॉन्टिनेन्टल' किंवा 'कॉंटिनेंटल' लिहा, 'काँ' नको. 'काँ' हा 'का' नाकातून म्हटल्यासारखा वाचला जातो. 'बेंटले' मात्र वर्तमानपत्रांनी इतकं रुळवलंय की मी भांडत नाही, पण उच्चार बेंटलीच.