वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये नेमक्या उणिवा काय आहेत? आता नव्याने सुरू करावा का?

तुम्ही लिहिलंय की मित्र मागे लागलाय, महिन्याची फी परवडते, आणि 'ग्राफिक्स जुने आहेत' यापलीकडे कुणी धड उणीव सांगत नाही. ग्राफिक्सचं सोडा. इंटरनेटवरून असंख्य जणांनी एकाच जगात खेळायचा हा २००४ चा खेळ आहे आणि त्याचं ते कार्टूनछाप रूप अजून डोळ्यांना खुपत नाही. खरी उणीव वेगळी आहे. हा खेळ तुम्ही कसे खेळता ते नंतर बघतो, आधी हजेरी घेतो. भारतात बसून खेळणारा माणूस त्या हजेरीतच मार खातो.

भारतात याचा सर्व्हर कधीच आला नाही. मी युरोपच्या सर्व्हरवर होतो. तिथले रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. तिथून पुढे तीन तास रेड, म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून मोठे शत्रू मारायची मोहीम. सकाळी कॉलेज. पिंग, म्हणजे सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास राहिलं तरी आम्ही खूश असायचो, आणि फी भरायला परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड लागायचं. घरात ते एकट्या मावसभावाकडे, म्हणजे दादाकडे होतं. तो दादरला, मी जळगावला. दोघं एकाच गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटात, दोघंही हीलर, म्हणजे लढाईत बाकीच्यांना बरं करणारे. त्याचं पात्र प्रीस्ट, माझं ड्रुइड.

२००९ च्या एप्रिलमध्ये उल्डुआर नावाची रेड आली. १४ बॉस, म्हणजे एकामागून एक मारायचे मोठे शत्रू. माझ्या मते या खेळाने याहून चांगलं काही बनवलेलं नाही, हे आधीच कबूल करतो. त्यात हीलरसाठी व्हॅलॅनिर नावाचा एक हातोडा होता. त्याचे ३० तुकडे जमवायचे, तेही फक्त २५ जणांच्या रेडमध्ये. बॉस मेल्यावर तुकडा पडला तर पडला, नाही तर रिकाम्या हाताने पुढच्या बॉसकडे. एक बॉस आठवड्यात एकदाच मारता येतो, त्यामुळे हे काम महिनोन्‌महिने चालायचं. तीस झाले की ते एकत्र करून यॉग-सॅरॉन या शेवटच्या बॉसच्या उघड्या जबड्यात फेकायचे, आणि मग त्याला मारायचं. राबणार २५ जण, हातोडा एकाच्या हातात. तुकडे दोघांत वाटले तर कुणाचाच हातोडा होत नाही, म्हणून गिल्डला आधीच एक नाव ठरवावं लागायचं.

आता जळगावातली रात्र. घरी इन्व्हर्टर होता, पण त्यावर पुढच्या खोलीची ट्यूब आणि पंखे. कॉम्प्युटरला वेगळा यूपीएस, त्याची बॅटरी उतरलेली. लाइट गेली की तो पी-पी करत जेमतेम मिनिटभर तग धरायचा, आणि तेवढ्यात बाबा आतून ओरडायचे, "अजून जागाच का तू?" दिवसाचं भारनियमन निदान वेळापत्रकाने व्हायचं. रात्री जायची ती कधीही.

उल्डुआरमधल्याच जनरल वेझॅक्स या बॉसच्या लढाईत मॅना, म्हणजे मंत्र टाकायची शक्ती, आपोआप भरतच नाही. वाफेचा गोळा फोडायचा आणि त्याच्या डबक्यात उभं राहायचं. तिथे मॅना चढतो, पण अंगावर मारही बसतो, आणि जितकं जास्त थांबाल तितका तो दुप्पट-दुप्पट वाढत जातो. कधी पाय काढायचा यातच हीलरची सगळी कसोटी. माझं ते चांगलं जमलेलं होतं. वेझॅक्सची शेवटची थोडी हेल्थ उरलेली, मी डबक्यात उभा, मॅना चढतोय, आणि लाइट गेली. परत आत शिरलो तोवर सगळे मरून पुन्हा जमत होते. कुणी शिवी दिली नाही. गिल्डचा म्होरक्या डच होता, त्याने चॅटमध्ये एवढंच विचारलं, "पॉवर अगेन?"

पुढच्या आठवड्यात तुकडे दादाला द्यायचं ठरलं. कारण दिलं, अटेंडन्स. दादरला भारनियमन हा प्रकारच नव्हता. उरलेला महाराष्ट्र अंधारात बसलेला असायचा आणि मुंबईला त्याची झळ नसायची, हे त्या वर्षांतल्या कुठल्याही खानदेशी माणसाला विचारा. हातोडा झाला आणि थोड्याच दिवसांत दादा दुसऱ्या मोठ्या गिल्डमध्ये गेला. आमची रेड महिनाभरात बंद पडली.

यावर दादाचं म्हणणं असं की खेळात काहीच दोष नव्हता, माणसं जमवताच आली नाहीत. घरातल्या कुठल्याही लग्नात पंगतीला शेजारी बसलो की हे सुरू होतं. मी म्हणतो हीलिंगचे आकडे माझे वर असायचे. तो म्हणतो ड्रुइडचे आकडे फुगीरच असतात. असतील! पण मुद्दा तो नाही. २५ जणांच्या कष्टाचं फळ एकालाच मिळेल अशी रचना खेळ बनवणाऱ्यांनी केली, आणि ते फळ घेऊन निघून जायलाही काही आडकाठी ठेवली नाही. मग माणसं तशीच वागणार. दादाला मी दोष देत नाही, निदान लेखी तरी नाही.

आणि त्या हातोड्याचं झालं काय? डिसेंबर २०१० मध्ये कॅटॅक्लिझम हा खेळाचा नवा विस्तार आला आणि त्याच्या पहिल्याच भागातल्या किरकोळ कामांवर मिळणाऱ्या हिरव्या, म्हणजे साध्या दर्जाच्या, वस्तूंचे आकडे त्याच्या वर गेले. दर विस्तारात हेच होतं. पुढे तर अख्ख्या व्यवस्थाच फेकून द्यायला लागले. लीजन या विस्तारात वर्षभर घासून वाढवलेलं आर्टिफॅक्ट शस्त्र पुढच्या विस्तारात निकामी. मग अझराइट नावाची व्यवस्था आली, तीही गेली. मग शॅडोलँड्स या विस्तारात कॉव्हेनंट नावाचे गट, तेही गेले. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हवं असेल तर ते हे आहे: इथे कमावलेलं काही टिकत नाही. दादा म्हणतो त्यात काय, मजा तर आली ना. हातोडा त्याला मिळाला होता, त्याला सुचणारच.

बाकीच्या उणिवा पटापट. २००९ च्या शेवटी डंजनसाठी, म्हणजे पाच जणांच्या छोट्या मोहिमांसाठी, डंजन फाइंडर आला आणि अनोळखी माणसं आपोआप गोळा व्हायला लागली. सोय झाली खरी, पण कुणी कुणाशी बोलेना. २०१५ पासून कंपनीच टोकन विकते, खरे पैसे देऊन खेळातलं सोनं घ्या. नव्या माणसाला गोष्ट मधूनच सुरू होते, त्यामुळे मोठी पात्रं कोण आणि ती का रडताहेत ते कळत नाही.

आता दुसरी बाजू, नाही तर तुमचा मित्र मला शिव्या घालेल. हे सगळं मी जुन्या रेडबद्दल जास्त बोलतोय. आता नॉर्मल आणि हिरोइक या पातळ्यांच्या रेडला १० ते ३० कितीही जण चालतात, एकाची लाइट गेल्याने सगळं अडत नाही. २०२४ च्या विस्तारात डेल्व्ह्ज नावाच्या छोट्या मोहिमा आल्या, त्या एकट्यानेही खेळता येतात आणि त्यांतून बऱ्यापैकी वस्तू मिळतात. कॉलेज सांभाळून खेळायचं असेल तर तिथेच राहा. जुनी धाटणी हवी असेल तर २०१९ पासून क्लासिकही आहे, पण त्याच्या मूळ रूपात ४० जणांची रेड आहे, म्हणजे हजेरी पुन्हा आलीच.

सुरू करायचंच असेल तर गिल्डमध्ये शिरण्याआधी रेडची वेळ आणि लूट वाटायची पद्धत लेखी मागून घ्या. यावर मिठाची गुळणी धरणाऱ्या गिल्डमध्ये जाऊच नका. आणि घरातल्या माणसाबरोबर खेळणार असाल तर त्याला टँक, म्हणजे मार अंगावर घेणारा, होऊ द्या, डॅमेज, म्हणजे शत्रूला मारायचं काम, करू द्या, पण दोघांनी हीलर होऊ नका.

दादा मला इथे फॉलो करतो, म्हणजे हे तो वाचणारच. दादा, खाली अटेंडन्सचा विषय काढलास तर त्या रात्रीचे वेझॅक्सचे लॉग, म्हणजे लढाईच्या नोंदी, माझ्याकडे अजून आहेत. तू डबक्यात किती वेळ उभा होतास आणि तुला वाचवायला कुणाचा मॅना गेला, ते सगळं त्यात दिसतं.