सातव्या महिन्यातलं रडणं

पुण्यातल्या धायरीहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. एप्रिल २०२१मध्ये तिला सातवा महिना होता. वडील कोविडनं दवाखान्यात, भेटायला बंदी. नवव्या दिवशी ते गेले. वैकुंठ स्मशानभूमीत भाऊ एकटाच गेला. हिच्या हाती आली ती प्लॅस्टिकची पिशवी, त्यात बाबांचा चष्मा, मोबाईलचा चार्जर आणि अर्धा उरलेला बिस्किटांचा पुडा. पुढचे दोन महिने जेवण गेलं नाही, झोप लागली नाही. आता मुलगा मोठ्या शिशूत आहे. एका जागी बसत नाही, राग आला की चावतो. शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं. त्यावर जाऊबाई म्हणाल्या, "पोटात असताना एवढी रडलीस, पोर असंच निघणार." रात्री फोनवर शोधलं तर तिथंही तेच. "ताई, मीच माझ्या मुलाचा मेंदू बिघडवला का?"

प्रिय मैत्रिणी,

नाही, तू काही बिघडवलेलं नाहीस. हे आधी वाच आणि बाकीचं सावकाश वाच.

आईच्या ताणाचा पोटातल्या बाळावर परिणाम होऊ शकतो, हे खरं आहे. ते नाकारून मी तुला दिलासा देणार नाही, कारण तो दिलासा टिकणार नाही. ताणात आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. पण वार, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव, ही नुसती पिशवी नव्हे. तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) आईकडून येणारं बरंचसं कॉर्टिसॉल निष्प्रभ करून टाकतं. थोडं पलीकडे जातंच, आणि ताण फार काळ राहिला तर ही राखण कमी पडू शकते. त्याचा माग मुलाच्या वागण्यात, बोलण्यात, एकाग्रतेत कधीकधी दिसतो.

कधीकधी, हा शब्द तुला फोनवर दिसला नसणार. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात १९९१-९२च्या सुमारास गरोदर असलेल्या हजारो बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास झाला. शेवटच्या महिन्यांत ज्यांना सर्वांत जास्त चिंता होती, त्यांच्या मुलांमध्ये चौथ्या वर्षी वागण्याच्या अडचणींची शक्यता साधारण दुप्पट दिसली. दुप्पट म्हटलं की पोटात गोळा येतो. पण शंभरातल्या पाचेक मुलांवरून दहाच्या आसपास, एवढंच ते दुप्पट. म्हणजे सगळ्यात जास्त काळजीत असलेल्या आयांचीसुद्धा शंभरातली नव्वदेक मुलं अडचणी असलेल्यांच्या गटात नव्हतीच.

दुसरा अभ्यास तुझ्या गोष्टीच्या अगदी जवळचा आहे. जानेवारी १९९८मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात बर्फाचं वादळ आलं. विजेच्या तारा तुटल्या, कडाक्याच्या थंडीत काही घरं महिनाभराहून जास्त काळ अंधारात होती. सुझान किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वेळी गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. ज्यांच्या आयांनी जास्त हाल काढले, त्या मुलांचे साडेपाचव्या वर्षी भाषेचे आणि बुद्धीच्या चाचणीचे गुण थोडे कमी होते, तरी ते सर्वसाधारण मुलांच्या पट्ट्यातच होते. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वादळ त्या बायकांनी आणलं नव्हतं. दुसरी लाटही तू आणली नव्हतीस. बाप गेला आणि तू रडलीस, यात चूक कुठली?

पुण्यात गर्भसंस्काराचे वर्ग गल्लोगल्ली आहेत, आणि तिथं अभिमन्यूची गोष्ट हमखास निघते. सुभद्रेला झोप लागली म्हणून त्याला चक्रव्यूहातून बाहेर पडणं कळलं नाही, असं सांगतात. मला या गोष्टीचा लहानपणापासून राग येतो. बाकीचे पांडव व्यूहाबाहेर अडकले, आत सगळ्यांनी मिळून एका पोराला घेरलं, आणि बोल कुणाला, तर पोटुशी असताना डोळा लागलेल्या बाईला! जाऊबाई तुला तेच म्हणाल्या. खरं तर या सगळ्या संशोधनातून एकच विचारावंसं वाटतं, की ती रडत होती तेव्हा तिच्याशेजारी कोण बसलं होतं? "रडू नकोस, बाळाला त्रास होईल" म्हटल्यानं गरोदर बाईचा ताण कमी होत नाही, वर अपराधीपणा तेवढा चढतो.

आता तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य. ते तू जाता जाता लिहिलंयस : "चावतो खरा, पण मी डोळे पुसताना दिसले की डब्याचा नॅपकिन घेऊन येतो आणि माझं तोंड पुसतो." हे मी तीनदा वाचलं. २०१०मध्ये लंडनच्या संशोधकांनी गर्भजलातलं कॉर्टिसॉल मोजलं आणि तीच मुलं दीड वर्षाची होताना पुन्हा तपासली. ज्यांचं आईशी नातं घट्ट, निर्धास्त होतं, त्यांच्यात जास्त कॉर्टिसॉल आणि बौद्धिक वाढीत मागे पडणं यांचा संबंध दिसला नाही. नॅपकिन घेऊन धावणारं तुझं पोर तुझ्यावर विसंबून आहे. ते तू केलंयस, रोज, गेली साडेचार वर्षं.

चावण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नकोस. या वयात त्यामागं पन्नास कारणं असतात. कमी ऐकू येणं, अपुरी झोप, मनातलं सांगायला शब्द न सापडणं, वर्गातली गर्दी. मुलांच्या विकासाचा अभ्यास असलेल्या बालरोगतज्ज्ञांना दाखव, कान तपासून घे. तो कधी चावतो, त्याआधी काय झालेलं असतं, हे आठवडाभर वहीत लिहून ने. सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही अशी तपासणी होते. गरोदरपणातला प्रसंगही डॉक्टरांना सांग, पण माहिती म्हणून, कबुली दिल्यासारखा नको.

आणि तुझं काय? तू अजून रात्री रडतेस, असं लिहिलंयस. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास कोणी ना कोणी असतं, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. उद्याच फोन कर.

ती पिशवी कपाटात वरच्या खणात तशीच आहे म्हणतेस. एखाद्या रविवारी दोघं मिळून उघडा. चष्मा त्याच्या हातात दे आणि सांग, हा आजोबांचा. तो नक्की घालून बघेल आणि सगळं धूसर दिसतंय म्हणेल. मग आजोबा कसे होते, ते त्याला सांग. मध्येच रडू आलं तर येऊ दे, नॅपकिन आणायला तो आहे.

तुझी,
ताई