शेकीची वाट आणि ए-स्टार

प्रश्न : नकाशात वाट शोधणारी ‘ए-स्टार’ पद्धत एका यंत्रमानवासाठी जन्मली, असे वाचले. ती कशी चालते? अंदाज चुकला तर?

उत्तर : हो, तो यंत्रमानव म्हणजे शेकी. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे चार्ल्स रोझेन यांनी 1966 साली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्र उभे केले, तिथलाच. चाकांवर कॅमेरा, अंतरमापक आणि धक्का कळवणारे स्पर्शक. विचार मात्र रेडिओने जोडलेल्या मोठ्या संगणकात. हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी 1968 साली ए-स्टार मांडली.

रीत साधी आहे. आतापर्यंत चाललेले अंतर अधिक उरलेल्याचा अंदाज. ही बेरीज जिथे सर्वांत कमी, ते ठिकाण आधी तपासायचे. ‘क’पाशी 4+5=9, ‘ख’पाशी 3+7=10, म्हणून आधी ‘क’. अंदाज खऱ्यापेक्षा कमी चालतो, जास्त नाही. ‘क’पुढचे 5 चुकून 9 धरले, तर बेरीज 13 होते. मग ‘ख’मार्गे खरे अंतर 11 असले तरी पद्धत तीच वाट देऊन थांबते, 9ची वाट हातची जाते. म्हणूनच सरळ रेषेतले अंतर अंदाजाला उत्तम : कुठलीही वाट त्याहून आखूड नसते.